ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा कुठली धरू? (बीसीए शेवटचं वर्ष, गावच्या डेअरीचं काम)

मलप्रभा
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. सकाळी सातच्या बसनं बेळगावला कॉलेज, संध्याकाळी परत.

एकच ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा पक्की करायची म्हटली तर कुठली धरू?

आम्हाला दुसऱ्या वर्षी सी प्लस प्लस होतं, तेही टर्बो नावाच्या जुन्या साधनाच्या निळ्या खिडकीत. क्लास (वस्तूचा साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातून केलेली वस्तू), इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्यानं घेणं), पॉलिमॉर्फिझम (प्रश्न एकच, प्रत्येकाची उत्तराची रीत वेगळी), सगळ्या व्याख्या पाठ आहेत. उदाहरण कायम एकच: वर प्राणी, खाली कुत्रा आणि मांजर. मार्क पडले, खरं मनानं एक क्लास लिही म्हटलं की हात थांबतो.

प्रोजेक्टला मी गावच्या दूध डेअरीचं काम घेतलंय. बाबा तिथं सेक्रेटरी आहेत. १४० सभासद, दोन वेळचं दूध, दर दहा दिवसांनी बिल. बिलाच्या आदल्या रात्री बाबा एक-एक वाजेपर्यंत वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. ते मला थांबवायचंय. पुढं नोकरी पण पाहिजे. बेंगळूरची मावसबहीण म्हणते जावा, पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो पायथॉन, वर्गातली पोरं सी शार्प करायलेत. हातात सहा महिने आहेत.

कुंदा_आणि_कोड
जावा. नऊ वर्षं बेंगळूरला त्याच्यावरच घर चाललंय. बँका, विमा, मोठमोठ्या कंपन्यांची आतली कामं, सगळीकडं जावा आहे आणि लवकर जाणार नाही.

उद्यमबाग
मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, १२ वर्षं झाली. मेंटेनन्स करता करता सॉफ्टवेअरकडं वळलो. माझं मत सी शार्प.

कारण सांगतो. डेअरीत आज ना उद्या इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅटचं मशीन कॉम्प्युटरला जोडावं लागणारच. ही यंत्रं बहुतेक आरएस-२३२ च्या सिरियल केबलनं बोलतात. सी शार्पमध्ये सिरियल पोर्टचा क्लास मायक्रोसॉफ्टनंच दिलेला आहे. पोर्टचं नाव सांगा, वेग सांगा, काट्यावरचा आकडा स्क्रीनवर येतो. आमच्याकडं पॅकिंगचा काटा मी असाच जोडला. जावात त्यासाठी बाहेरची लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) आणावी लागते. आणि पैशासाठी सी शार्पमध्ये दशांश नेमके धरणारा डेसिमल हा प्रकार भाषेतच आहे, वेगळं काही शोधायला नको.

एक गंमत सांगतो. सी शार्प ज्यांनी घडवली ते अँडर्स हेल्सबर्ग आधी टर्बो बनवणाऱ्या बोरलँड कंपनीत होते, टर्बो पास्कल त्यांचंच. म्हणजे तुमच्या निळ्या खिडकीच्याच घरातला माणूस.

वेदगंगा
निपाणीहून. सहा महिनेच असतील तर पायथॉन. संध्याकाळी बसलीस तर रात्रीपर्यंत सभासदांची यादी स्क्रीनवर दिसेल. जावात पहिली ओळ छापायला पण क्लास आणि मेन (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो भाग) लिहावं लागायचं, तिथंच निम्मी पोरं थकतात. आणि पायथॉनमध्ये आकडासुद्धा ऑब्जेक्टच आहे, जावासारखं इंट (साधा पूर्णांक) वेगळं आणि ऑब्जेक्ट वेगळं असं नाही.

कुंदा_आणि_कोड
वेदगंगा, पायथॉन गोड आहे हे मान्य. तरी नव्या माणसाला मी ते ऑब्जेक्ट शिकायला देणार नाही. कसं बघ. सभासदाच्या ऑब्जेक्टमध्ये फॅट नावाची जागा आहे. घाईत तुझ्याकडून एक अक्षर जास्त पडलं, फॅटऐवजी फॅट्ट झालं. पायथॉन काही बोलणार नाही, त्या नावाची नवी जागा गुपचूप तयार करील. बिल जुन्या फॅटवर निघेल. जावाचा कंपायलर (प्रोग्रॅम चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा) तिथंच अडवतो. जिथं १४० घरांचे पैसे आहेत तिथं मला अडवणारा पाहिजे.

वेदगंगा
त्यासाठी टेस्ट (प्रोग्रॅमची उत्तरं तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहायच्या असतात, अक्का. टाइप (कुठल्या जागेत आकडा, कुठं शब्द ते) लिहायची सोय पायथॉनमध्ये पण आली आहे, तपासणारी साधनं आहेत. मी तंबाखूच्या वखारीचा हिशोब पायथॉनवर तीन वर्षं चालवतोय.

कुंदा_आणि_कोड
तू टेस्ट लिहितोस कारण तुला आधी चटके बसलेत. तिला अजून बसायचे आहेत.

हिरण्यकेशी
संकेश्वरहून. मी शिकवतो, म्हणून थोडं मागं जाऊन लिहितो.

क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना नॉर्वेत ओस्लोला जन्मली. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर या दोघांनी सिम्युला भाषा केली, त्यातल्या सिम्युला ६७ मध्ये क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं आलं. त्यांना प्रोग्रॅमिंगचा नवा पंथ काढायचा नव्हता. रांगा लागतात, माल येतो-जातो, यंत्रं चालतात, अशा खऱ्या कामाची नक्कल कॉम्प्युटरमध्ये उभी करायची होती. म्हणून त्यांनी कामातल्या गोष्टींनाच प्रोग्रॅममध्ये जागा दिली. या कामासाठी दोघांना कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा, ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, २००१ चा. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्द ॲलन के यांचा. त्यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७२ पासून स्मॉलटॉक ही भाषा घडवली. त्यांचा भर क्लासपेक्षा निरोपावर होता: एका ऑब्जेक्टनं दुसऱ्याला निरोप द्यायचा, त्यानं आपलं काम आपल्या पद्धतीनं करायचं.

बाळ, कुत्रा-मांजर सोड. उद्या सकाळी डेअरीत जाऊन उभी रहा. कोण कोणाला काय विचारतं ते वहीत लिही. काटा लिटर सांगतो. मशीन फॅट सांगतं. दरपत्रक दर सांगतं. सभासदाचं खातं उचल किती बाकी ते सांगतं. जो जे सांगतो ते त्याचं काम, आणि ती माहिती त्याच्याच पोटात ठेवायची. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच. भाषा त्यानंतर निवड.

कंग्राळी_बुद्रुक
सर, +१.

सी प्लस प्लसच्या बाजूनं कोणीच बोलेना म्हणून मी बोलतो. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली. क्लास आवडले, वेग पुरेना. म्हणून १९७९ ला बेल लॅब्समध्ये सी ला क्लास जोडायला घेतले. १९८३ ला नाव सी प्लस प्लस झालं.

मलप्रभा, तू जे टर्बोत शिकलीस ते या भाषेचे अधिकृत नियम १९९८ ला ठरले त्याच्याही आधीचं. त्यावरून या भाषेबद्दल मत करू नकोस. २०११ नंतरची सी प्लस प्लस फार वेगळी आहे, मेमरी हातानं सोडत बसावं लागत नाही. मी बेंगळूरला गाड्यांच्या कंट्रोल युनिटवर काम करतो, तिथं मुख्यतः सी आणि सी प्लस प्लसच चालतात. एवढं सगळं सांगूनही डेअरीच्या बिलाला मी सी प्लस प्लस सांगणार नाही. तुझ्या कामात मिलिसेकंदाला किंमत नाही, चुकीला आहे.

चिकोडी_रोड
१४० सभासदांना एवढं सगळं कशाला? एक एक्सेलची शीट करा, काम संपलं.

उद्यमबाग
चिकोडी_रोड, आमच्याकडं पण एक्सेलच होतं. कोणीतरी सूत्रावर आकडा टाइप केला, सूत्र गेलं, दोन महिने कोणाला कळलं नाही. मालकानं विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुधाच्या पैशात असं झालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मलप्रभा
सगळ्यांचे मनापासून आभार. हिरण्यकेशी सर, आज सकाळी सहाला डेअरीत जाऊन उभी राहिले. वहीची चार पानं भरली!

आता हे बघा बरोबर आहे का. 'दूध' असा क्लास. त्याच्याखाली 'गायदूध' आणि 'म्हैसदूध'. दोघांत दर काढायची मेथड (क्लासमध्ये लिहिलेलं काम) वेगळी. झालं ना इनहेरिटन्स?

माझा लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅम. डेअरीत पण जुनाच विंडोजचा कॉम्प्युटर आहे.

येळ्ळूरगड
इतके दिवस नुसता वाचत होतो, आता राहवेना. थांब, ती वाट धरू नकोस. मी त्याच वाटेनं गेलोय. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेसाठी मी खात्याच्या प्रकाराप्रमाणं उपक्लास केले होते, शेवटी २३ झाले आणि एक व्याजदर बदलायला चार फाइली उघडाव्या लागायच्या.

गाय आणि म्हैस यांत फरक कशाचा आहे? गाईचं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरतात, म्हशीचं ६ आणि ९. हा आकड्यांचा फरक आहे, वागण्याचा नाही. दोघांचा दर तक्त्यातूनच निघतो. तर मग 'दरपत्रक' हाच ऑब्जेक्ट कर. त्याला प्रकार, फॅट, एसएनएफ दे, तो दर सांगेल.

आणि बाबांना एक विचार: दूध संघानं दर १६ तारखेपासून बदलला तर ११ ते २० च्या बिलाचं काय करता? अर्धं बिल जुन्या दरानं, अर्धं नव्या. म्हणजे दरपत्रकाला 'लागू तारीख' पाहिजे, आणि संकलनाच्या प्रत्येक नोंदीनं आपल्या तारखेचं दरपत्रक शोधलं पाहिजे. नवा दर भरला म्हणून मागची बिलं हलता कामा नयेत.

खरा पॉलिमॉर्फिझम तुझ्या डेअरीत दुसरीकडं आहे. कपातीत. उचलीचा हप्ता, पशुखाद्याची पोती, शेअरची रक्कम. प्रत्येकाची कापायची रीत वेगळी, खरं बिलानं प्रत्येकाला एकच विचारायचं: 'या वेळी तुझे किती?' उद्या नवी कपात आली तर एक नवा क्लास लिहायचा, बिलाला हात लावायचा नाही. आणि बिल उणे जाऊ द्यायचं नाही हा नियम फक्त बिलाच्या क्लासमध्ये लिही, दुसरीकडं कुठंच नको.

मलप्रभा
येळ्ळूरगड काका, बाबांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "दर मध्येच बदलला की त्याच रात्री जास्त जागरण." पशुखाद्याचं पण बरोबर आहे. इतके दिवस क्लासची व्याख्या लिहिली, आज पहिल्यांदा कळलं ती कशासाठी असते.

हिरण्यकेशी
शाब्बास.

रॅमची चिंता नको. जावा घेतलीस तर सुरुवातीला मोठं एडिटर टाकूच नकोस. ब्लूजे नावाचं फुकट साधन आहे, शिकणाऱ्यांसाठीच केलेलं. स्क्रीनवर क्लासचे चौकोन दिसतात. चौकोनावर उजवं क्लिक करून ऑब्जेक्ट तयार करता येतो, तो खाली येऊन बसतो, मग त्याची मेथड हातानं चालवून बघता येते. मेन लिहायची गरज नाही, म्हणजे वेदगंगाची तक्रारही मिटली. दरपत्रकाचा ऑब्जेक्ट कर, त्याला ४.१ फॅटचा दर विचार, वहीशी ताडून बघ.

वेदगंगा
सर, ब्लूजे मला माहीत नव्हतं. बघतो.

जांबोटी_नाका
जरा बाजूचं विचारतो. मंडळाच्या वर्गणीची यादी केली, सॉर्ट केल्यावर 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात. आमचे अध्यक्ष जुने शिक्षक, त्यांनी यादी परत पाठवली. भाषा बदलली की हे सुटेल का?

कुंदा_आणि_कोड
भाषा बदलून नाही सुटणार. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या) तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलाय. साधं सॉर्ट तक्त्यातल्या क्रमानं जातं, आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर. त्यासाठी भाषेप्रमाणं क्रम लावणारी वेगळी सोय वापरावी लागते, कोलेटर म्हणतात. आयसीयू ही लायब्ररी त्यासाठीच आहे. अध्यक्षांचं बरोबर आहे.

मलप्रभा
बरं झालं विचारलंत. आम्हाला संघाला यादी कन्नडमध्ये द्यावी लागते आणि गावातली पावती मराठीत. मी दोन वेगळ्या फाइली ठेवणार होते.

येळ्ळूरगड
दोन फाइली नको, एका ठिकाणी दुरुस्त केलं की दुसरीकडं राहतं. 'नाव' असा छोटा क्लास कर, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही लिपी. पावती त्याला मराठी मागेल, यादी कन्नड.

पहिल्यांदा भरताना सगळं टाइप करत बसू नकोस. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नडचे तक्ते एकाच मांडणीचे आहेत, क च्या जागी क, म च्या जागी म. ठरावीक आकडा मिळवला की बरीचशी अक्षरं जागेवर जाऊन बसतात. मग कन्नड वाचणाऱ्याकडून एकदा तपासून घे. आमच्याकडं हे काम शेजारच्या कन्नड शाळेच्या बाईंनी दोन संध्याकाळी बसून केलं, चहाशिवाय काही घेतलं नाही.

कंग्राळी_बुद्रुक
मूळ प्रश्नाकडं येऊया का? पोरीला भाषा ठरवायचीय.

कुंदा_आणि_कोड
हो. नोकरीचं स्पष्ट सांगते. मी मुलाखती घेते. भाषेचं नाव बघून मी कोणाला घेत नाही. 'हे असं का लिहिलंस' याचं उत्तर कोणाकडं आहे ते बघते. दरपत्रकाला लागू तारीख का दिली हे तू माझ्यासमोर सांगितलंस तर मी पेन खाली ठेवून ऐकीन. तरी पहिल्या नोकरीत दारं जास्त जावाला उघडतात हा माझा अनुभव. अँड्रॉइडकडं वळलीस तर कोटलिन ही भाषा जावाच्याच जमिनीवर उभी आहे, शिकायला जड जात नाही.

फक्त जुनी पुस्तकं धरू नकोस. जावा १९९५ ची, ती आता खूप बदलली आहे. जावा २१ ही लांब मुदतीची आवृत्ती २०२३ ला आली, ती घे. आणि पैशाला डबल (दशांश अंदाजानं धरणारा प्रकार) वापरलंस तर मी स्वतः खानापूरला येईन. ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघ, ०.३ च्या पुढं बऱ्याच शून्यांनंतर एक ४ दिसेल. बिगडेसिमल (दशांश नेमके धरणारा प्रकार) वापर, आणि त्याला आकडा अवतरणात दे.

उद्यमबाग
मी सी शार्प म्हणालो होतो, खरं या बाईंशी भांडत नाही. शेजारी विचारायला माणूस असणं महत्त्वाचं, आणि तिची मावसबहीण जावावालीच आहे. रात्री दहाला अडलीस तर तिलाच फोन करणार ना? मग तीच भाषा घे. काट्याच्या केबलचं मी बघतो, जावासाठी पण लायब्ररी चांगली आहे.

चिकोडी_रोड
दरपत्रकाच्या तारखेचं वाचल्यावर माझं एक्सेलचं मत मी मागं घेतो. आमच्या डेअरीत याच्यावरूनच भांडण झालं होतं.

मलप्रभा
ठरलं. जावा. परत येऊन सांगते.

*(साडेचार महिन्यांनी)*

मलप्रभा
धागा वर काढतेय. सांगायचं कबूल केलं होतं.

प्रोग्रॅम चालू झाला. अकरा क्लास आहेत, त्यांत इनहेरिटन्स एकदाही नाही. कपातीला इंटरफेस (सगळ्या कपातींना विचारायचा एकच ठरलेला प्रश्न) केला. मध्ये एक आठवडा पूर्ण अडले होते, सभासदाकडं बिलं ठेवायची की बिलाकडं सभासद यावर. बाबांच्या वहीत बघितलं: बिलावर सभासदाचा नंबर असतो, सभासदाच्या पानावर बिल चिकटवलेलं नसतं. तसंच केलं.

पहिलं बिल वही आणि प्रोग्रॅम दोन्हीवर काढलं. ११ सभासदांचा एक-एक रुपयाचा फरक. रात्रभर कळेना. सकाळी एक बिल समोर धरलं: १४८२ रुपये ५० पैसे. बाबांचे १४८३, माझे १४८२. बिगडेसिमलला पूर्ण रुपयात आणायची रीत मी एका उदाहरणातून तशीच उचलली होती, ती बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडं जाते. बाबा ५० पैशाला वर जातात. एक शब्द बदलला, अकराही जुळले.

वेदगंगा
पायथॉनच्या राउंडची रीतही तीच, २.५ चे २ करतं. मी आत्ता उठून वखारीचा हिशोब तपासतोय.

उद्यमबाग
सी शार्पमध्येही न सांगता तसंच होतं. चांगलं सांगितलंस.

मलप्रभा
आणखी एक. बाराव्या सभासदाचा फरक ४२ रुपयांचा होता. तो माझ्याकडून नव्हता. वहीत संध्याकाळच्या म्हशीच्या दुधाचं ६.७ फॅट बिलात ६.१ वाचलं गेलं होतं. बाबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. मग काही न बोलता सायकल काढली आणि त्या आजींच्या घरी जाऊन ४२ रुपये देऊन आले.

काल दुसरं बिल झालं. रात्री नऊला डेअरी बंद केली. बाबा म्हणतात अजून दोन बिलं वही पण लिहूया. लिहितोय.

हिरण्यकेशी
वर्गात हे वाचून दाखवू का? नाव-गाव न सांगता.

मलप्रभा
सांगा सर. ६.१ आणि ६.७ चं पण सांगा.

उद्यमबाग
काट्याची केबल माझ्याकडं तयार आहे. रविवारी सकाळचं दूध झाल्यावर येतो, डेअरीचा कॉम्प्युटर चालू ठेवा. पोर्ट मागच्या बाजूला नऊ पिनांचा आहे का तेवढं आधी बघून सांग.

मलप्रभा
बघितलं काका. नऊ पिनांचाच आहे, धूळ होती, पुसून ठेवलाय.